उंबऱ्यावरचा उतारा

आम्ही राहतो ती वसाहत धरणाच्या कामासाठी बांधलेली. काम संपलं, माणसं गेली, क्वार्टर्स मागे राहिल्या. दारं-खिडक्या ज्याला जमतील त्यानं काढून नेल्या. भिंतींतून पिंपळ आले. शेवटच्या ओळीत मात्र एका क्वार्टरला दार आहे, पडदा आहे, दोरीवर लंगोट वाळत असतात. ते आमचं घर. माझा नवरा संगमेश्वर कालव्याला पाणी सोडायच्या कामावर आहे, त्याला गेटाजवळच राहावं लागतं. देवणीला खोली करू म्हणून मी लग्नापासून त्याच्या मागे होते. अक्षरा झाली आणि गप्प बसले. रांगत्या पोरीला इथे निदान गाड्यांची भीती नव्हती.

मग तो व्हिडिओ आला.

उदगीरहून मावसबहिणीनं पाठवला होता. "अंबिका, ही तू आहेस का गं?"

लातूरचा कुणी वीरेश. पडक्या जागा हुडकत फिरतो, फोटो काढतो, त्यांचे व्हिडिओ करून टाकतो. या व्हिडिओचं नाव होतं 'मराठवाड्यातली शापित वसाहत'. फोटो चांगले होते, खोटं कशाला बोलू? गंजलेली टाकी, पिंपळाची मुळं, कुणाच्या तरी देवघराच्या कोनाड्यात राहिलेली काजळी. मी कौतुकानं बघत होते. आणि शेवटी, कालव्याच्या भरावावरून दुरून ओढून घेतलेला, काळापांढरा करून टाकलेला फोटो. खिडकीत मोकळ्या केसांची बाई. कडेवर काहीतरी पांढरं. खाली ओळ: 'ती अजूनही बाळाला घेऊन वाट बघते.'

ती मी होते. न्हाऊन केस वाळवत होते. पांढरं म्हणजे टॉवेलात गुंडाळलेली अक्षरा.

मी लगेच खाली लिहिलं, 'ही जागा ओसाड नाही. इथे आम्ही राहतो. लहान मुलगी आहे. कृपया व्हिडिओ काढा.' त्यानं माझी कमेंट सगळ्यात वर लावून ठेवली आणि लिहिलं, 'खुद्द मॅडमनी दखल घेतली!' त्याखाली ही हसणाऱ्यांची रांग. एकानं विचारलं, भुताला रेंज कुठल्या कंपनीची येते?

"बघूच नको तू," संगमेश्वर म्हणाला. "चार दिवसांत विसरतेत लोक."

लोक विसरले नाहीत. ते उतारे घेऊन यायला लागले. घरात कुणी आजारी असलं की त्याच्यावरून लिंबू, मिरच्या, दहीभात, काळी बाहुली उतरवतात, आणि ते सगळं तिठ्यावर नाहीतर भुताखेताच्या जागी ठेवून येतात. ते ओलांडायचं नसतं. ओलांडणाऱ्याला ती पीडा लागते म्हणतात. माझं बी.एस्सी. झालंय, माझा असल्यावर विश्वास नाही. तरी रोज सकाळी फाटकासमोरचं सुपलीत भरताना मी श्वास धरायची आणि नंतर हात दोनदा धुवायची.

एका दुपारी एक म्हातारी सापडलीच. फाटकाशी वाकून पत्रावळ मांडत होती. मी अक्षराला कडेवर घेऊन बाहेर आले.

"आजी, उचला ते."

ती दचकली. "कोन गं तू?"

"मी इथंच राहते."

"इथं कुनी ऱ्हात न्हाई. मोबाइलमदी दावलंय."

"मग मी कोण आहे?"

तिनं माझ्या केसांकडे बघितलं. मग अक्षराकडे. "अगं बाई, हीच की ती. लेकरू बी हाय." मला वाटलं आता पळेल. तिनं हात जोडले. "बाई, माझ्या नातवाचा ताप उतरंना झालाय. तेवढा घे की तू. तुला काय व्हायचंय आता? तू तर मेलेलीच हाइस."

"मी मेलेली नाही!" मी इतक्या जोरात ओरडले की अक्षरा रडायला लागली. म्हातारी तोवर पाठ फिरवून रिक्षाकडे चालायला लागली होती.

त्याच आठवड्यात ते झालं. मी दूध उतरवायला आत वळले, तेवढ्यात अक्षरा रांगत फाटकाच्या फटीशी गेली. उताऱ्यात बिब्बा होता, सुई टोचलेला. टोचला की त्यातून काळं तेल गळतं, आणि ते तेल कातडी जाळतं. मी धावत गेले तेव्हा तो तिच्या तोंडात होता. बोट घालून काढला. संध्याकाळपर्यंत ओठ सुजून उलटे झाले, हनुवटीवर फोड आले. देवणीच्या डॉक्टरांनी मलम दिलं. म्हणाले, नशीब समजा, डोळ्यात गेलं नाही.

घरी आल्यावर मी उदगीरच्या मावशीला फोन केला.

"लातूरचा वीरेश? भुसारवाल्यांचा का?" मावशी म्हणाली. "आपल्यातलाच की गं तो! त्याच्या लग्नात जेवलीयस तू."

जेवलेलं मला आठवत नव्हतं. पण रात्रीपर्यंत गल्ली, दुकान, वरच्या मजल्याचा जिना, सगळं कळलं.

"भांडायला चाललीस का?" संगमेश्वरनं विचारलं.

"नाही. त्यांचं त्यांना द्यायला."

"मग पोरीला तरी ठेव इथं."

"तिला दाखवायलाच नेते."

सकाळचा ताजा उतारा मी झाकणाच्या डब्यात भरला आणि पहिली एसटी धरली.

दुकान बंद होतं. समोर मालाची गाडी लागलेली, दोन हमाल पायरीवर तंबाखू मळत बसलेले. मी जिना चढले. दाराच्या उंबऱ्यावर पत्रावळ ठेवली, तिच्यावर लिंबू, मिरच्या, बाहुली, बिब्बा नीट मांडला. बेल दाबली आणि खालच्या पायरीवर अक्षराला मांडीत गच्च धरून बसले.

दार उघडलं. कपाळावर विभूती, हातात दुकानाच्या किल्ल्या. माझ्यापेक्षा लहान असेल. त्याचा उचललेला पाय तसाच राहिला.

"कोण तुम्ही? हे काय मांडलंय?"

मी केसांचा चिमटा काढला. "ओळखलं? फोटो तुम्हीच काढलाय."

त्यानं ओळखलं. "ताई, ते… ते कंटेंट असतंय हो. तुमचं नाव कुठं घेतलं मी?"

"व्हिडिओ काढून टाका."

"लाखभर लोकांनी बघितलाय. असा कसा काढू?"

"मग या बाहेर. ओलांडा ते. आमच्या शापित वसाहतीत तर बूट घालून फिरलात."

"यात काही नसतंय," तो म्हणाला.

"मग टाका की पाय."

मागून त्याची बायको आली, कडेवर बाळ. तिनं उंबरा बघितला आणि नवऱ्याचा शर्ट मागून ओढला. "अहो, पाय टाकू नका! कोण ही? लाज वाटत नाही का हो तुम्हाला? लेकराबाळाच्या घरात आणून टाकता?"

"माझ्याही घरात लेकरूच आहे," मी म्हणाले आणि अक्षराचं तोंड तिच्याकडे वळवलं.

ती बघत राहिली. "काय झालंय तिला?"

"यातलाच बिब्बा. तुमच्या मालकांनी माझ्या घराला भुताचं घर केलं, तेव्हापासून रोज येतो दारात."

ती नवऱ्याकडे वळली. "तुम्ही तर म्हणला होता, ओळखीची बाई आहे, ठरवून उभी केली."

"वर्षाराणी, आत जा तू."

"न्हाई जात. काढा तो व्हिडिओ. आधी काढा!"

"मालक!" खालून हमालानं हाक मारली. "येताव का? गाडी खोळंबलीया!"

वीरेशनं फोन काढला. बोट स्क्रीनवर फिरत राहिलं, जणू कुठे काय असतं हेच तो विसरला होता. मग दाबलं.

"दाखवा."

त्यानं फोन पुढे धरला, पण उंबऱ्याच्या अलीकडेच. मीच मान पुढे काढून वाचलं. गेला होता.

"आता लिहा. तिथे माणसं राहतात. लहान मूल आहे. काही टाकायला जाऊ नका."

त्यानं तेही लिहिलं. वाचून दाखवायला लावलं तर चिडक्या आवाजात वाचलं.

"झालं ना? आता उचला हे."

मी उठले. अक्षराला खांद्यावर घेतलं. "रोज मीच उचलते. आज तुम्ही उचला."

"ताई! अहो, दुकान उघडायचंय मला!"

मी वर्षाराणीकडे बघितलं. तिचं बाळ लाल मिरच्यांकडे बघून हात नाचवत होतं. "त्याला खाली सोडू नका. बिब्बा चिमट्यानं उचला. तेल कातडीला लागलं तर चोळू नका, खोबरेल लावा."

"तुमचं कधी भलं होणार नाही," ती म्हणाली.

मी वळले. जिना उतरताना वरून ऐकू येत होतं.

"तू उचल."

"मी का? मी लेकराची आई आहे. तुम्ही उचला."

"आईला येऊ दे देवळातून."

"आईंना न्हाई. तुम्ही!"

खाली हमालानं तंबाखू थुंकून विचारलं, "ताई, मालक येतेत का?"

"आत आहेत," मी म्हणाले, आणि अक्षराच्या ओठांना मलम लावायला सावली शोधू लागले.