पहिल्या रांगेतली खुर्ची

बारक्या हरला आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बापाच्या सलूनमध्ये येणारं प्रत्येक गिऱ्हाईक बॉक्सिंगमधलं जाणकार झालं. ज्यांनी जन्मात डास मारण्यापलीकडे हात उचलला नव्हता, तेही गळ्याला कापड बांधून घेता घेता सांगू लागले, की पोराने डावा हात खाली आणायलाच नको होता. सलूनवाला सगळ्यांना एकच उत्तर द्यायचा, "मान सरळ ठेवा."

जन्मला तेव्हा मूठभर होता म्हणून पोराला बारक्या म्हणायला लागले. आता तो दारातून आत आला की आधी खांदे यायचे, मग तो यायचा, पण नाव चिकटलं ते चिकटलं. दिवसभर बापाच्या शेजारच्या खुर्चीवर गिऱ्हाइकांचे केस कापायचा आणि संध्याकाळी क्लबात जाऊन ठोसे मारायचा. लढलेली प्रत्येक लढत जिंकला होता. मग त्या रविवारी दुसऱ्या राउंडमध्ये हनुवटीवर एकच ठोसा बसला आणि गडी आडवा झाला. रेफरीचे आकडे मोजून संपले, तरी उठला नाही.

कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला होता आणि तो गावभर फिरला. त्यात एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. ठोसा येण्याच्या जरा आधी बारक्याची मान रिंगच्या बाहेर वळली होती. का वळली, यावर सलूनमध्ये रोज सभा भरायची.

"कोणीतरी हाक मारली असणार," बस चालवणारे काका म्हणायचे.

"हाक कसली, पोरगी असणार," रिटायर झालेले पोस्टमास्तर म्हणायचे. "या वयात मान उगाच वळत नाही." मग ते आरशातून सलूनवाल्याकडे बघायचे. "तुम्ही तर पहिल्या रांगेत होतात की हो. तुम्ही काय पाहिलंत?"

"मान सरळ ठेवा, मास्तर. कानाला लागेल."

सांगणार काय, कपाळ? सलूनवाल्याने काहीच पाहिलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आणि त्याआधी एकदाही नाही. पोराच्या पहिल्या लढतीपासून तो पहिल्या रांगेतल्या त्याच खुर्चीवर बसायचा, बेल वाजली की डोळे गच्च मिटून घ्यायचा आणि राउंड संपल्याची बेल वाजली की उघडायचा. मधल्या काळात आजूबाजूचे लोक काय ओरडतात त्यावरून अंदाज बांधायचा आणि घरी जाऊन बायकोला तिखटमीठ लावून सांगायचा. पोटचं पोर मार खाताना बघायला छाती लागते, ती त्याच्याकडे नव्हती. पण पोराला बाप समोर हवा असायचा, म्हणून जायचा. आपलं हे सोंग कोणाला कळलेलं नाही असं त्याला वाटायचं.

त्या रविवारी अंधारात बसल्या बसल्या त्याने एक जोराचा आवाज ऐकला आणि मग सगळा हॉल गप्प झाला. त्याने डोळे उघडले तेव्हा बारक्या पाठीवर पडलेला होता, एक पाय दुमडलेला, डोळे अर्धे उघडे. लगेच डॉक्टर आणि कोच आडवे आले, त्यामुळे पुढचंही काही दिसलं नाही. तेवढं एकच दृश्य त्याच्या डोक्यात घर करून बसलं. गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवताना ते दिसायचं, जेवताना दिसायचं, आणि बारक्या समोर बसून धडधाकट भात कालवत असला तरी दिसायचं.

डॉक्टरांनी डोकं तपासलं. सगळं ठीक आहे म्हणाले, पण काही आठवडे एकही ठोसा खायचा नाही अशी ताकीद दिली. आठवडे सरले. बारक्या पुन्हा क्लबात जाऊ लागला. मग एके दिवशी कोच दाढीला आला. हा स्वतः जुना बॉक्सर, नाक चेहऱ्यावर सपाट बसलेलं, त्यामुळे त्याच्या वरच्या ओठाची दाढी करणं फार सोपं जायचं.

"डोकं ठीक आहे पोराचं," कोच फेसातून म्हणाला. "पायही पहिल्यासारखे चालतात. पण समोरच्याचा खांदा हलला की हा डोळे मिटतो. ठोसा अजून निघालेलासुद्धा नसतो."

सलूनवाल्याचा वस्तरा थांबला.

"डोळे मिटणारं पोर मी रिंगमध्ये उतरवत नसतो. पुढची स्पर्धा येईपर्यंत बघतो. नाही जमलं तर मीच सांगेन, की बाळा, आता कात्रीच धर. तुम्ही नका बोलू त्याला काही."

खोटं कशाला सांगा, बापाला बरं वाटलं. कोच गेल्यावर त्याने खुर्ची पुसली, आणि पुसता पुसता गुणगुणायला लागला. त्याला काहीच करायचं नव्हतं. गप्प बसलं की काम फत्ते. पोरगा सुटला, आपण सुटलो. मग त्याची नजर आरशातून शेजारच्या खुर्चीकडे गेली. बारक्या एका माणसाचे केस कापत होता, अगदी नीट कापत होता, आणि त्याचं तोंड असं होतं, की जणू त्याला कोणी शिक्षा म्हणून तिथे उभं केलंय. पूर्वी तो कापताना शीळ घालायचा. त्या शिळेवरून बापाने त्याला किती वेळा झापलं होतं. सलूनवाल्याचं गुणगुणणं बंद झालं.

त्या संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर बारक्या स्वतःच खुर्चीत जाऊन बसला.

"बाबा, दाढी करा माझी."

"तुझे हात काय कामाला गेलेत?"

"करा ना."

बापाने ब्रश भिजवला, साबणावर फिरवला आणि पोराच्या गालाकडे नेला. ब्रश अजून वीतभर लांब होता, तेवढ्यात बारक्याचे डोळे घट्ट मिटले. बापाने हात मागे घेतला, तेव्हा ते उघडले. पुन्हा नेला, पुन्हा मिटले. फेसाला घाबरणारा बॉक्सर! दुसरा कोणी असता तर बाप हसला असता.

"बघितलंत?" बारक्या म्हणाला. "आणि क्लबात आता कोणी मला खरं मारत नाही. सगळे आजारी माणसाशी वागल्यासारखे वागतात. हळूच हात लावतात आणि विचारतात, बरा आहेस ना? मी करू काय? तुम्ही मला ब्रशने मारा. डोळे मिटले की नाकावर फेस."

पहिल्या दिवशी सलूनवाल्याने कामचुकारपणा केला. ब्रश इतका सावकाश आणला की वाटेत माशी बसून गेली असती.

"बाबा, केकला क्रीम लावताय का?"

"शिकवू नकोस मला. मी कशाला करू हे? तू तिथे पुन्हा जाऊन आडवा व्हावास म्हणून?"

बारक्याने गालावरचा फेस पुसला. मग हळू म्हणाला, "मला तिथे जायचं नसेल ना, तर मी नाही जाणार. तुमच्यासमोर सांगतो. पण जाता येत नाही म्हणून थांबलो, तर आयुष्यभर प्रत्येक गिऱ्हाइकाचा हात हलला तरी दचकेन. तसं नको मला."

बापाने ब्रश घट्ट धरला आणि मग खरं काम सुरू झालं.

पहिल्यांदा केस कापायला येणारी लहान पोरं त्याने खूप पाहिली होती. ती कात्रीला घाबरत नाहीत, ती कुठून येणार हे कळत नाही म्हणून घाबरतात. अशा पोराच्या डोक्यावर तो आधी डावा हात ठेवायचा आणि "आलो हं" म्हणायचा. तेच त्याने इथे केलं. डोक्यावर हात, "आलो हं", आणि मग ब्रश, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मग काही दिवसांनी "आलो हं" बंद केलं. मग डोक्यावरचा हात काढला. भिंतीवर, आरशावर, कॅलेंडरवर फेस उडायचा. एकदा आई जेवायला बोलवायला आली, तर बाप आणि लेक दोघे भुवयांपर्यंत पांढरे.

"दोघांत लहान कोण ते तरी ठरवा," ती म्हणाली. "आणि साबण काय झाडाला लागतो?"

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात एका संध्याकाळी बापाने सर्व बाजूंनी ब्रश मारून पाहिला, अगदी जोरात, पोटापासून वर आणून मारून पाहिला. बारक्याचे डोळे टक्क उघडे राहिले. फेस पापणीच्या टोकाला लागला तरी मिटले नाहीत. कोचही त्या दिवशी म्हणाला होता, की नाव देतो तुझं.

बापाला आनंद झाला आणि त्याच क्षणी आठवलं, की आता हा पुन्हा रिंगमध्ये उतरणार. त्याने ब्रश खाली ठेवला.

"बारक्या, एक विचारू? मान का वळवलीस त्या दिवशी?"

बारक्या टॉवेलने तोंड पुसत राहिला. तोंड कधीच कोरडं झालं होतं.

"मी त्याचा एक ठोसा चुकवला होता," तो शेवटी म्हणाला. "असा खाली वाकून. इतका झकास चुकवला बाबा, की मलाच खरं वाटेना. वाटलं, बाबांनी पाहिला का? म्हणून तुमच्याकडे बघितलं. राउंड चालू असताना कधी बघत नाही मी, त्या दिवशी बघितलं. तर तुम्ही डोळे मिटून, गुडघे आवळून बसलेले. एकदम वाटलं, बाबांना काही झालं की काय. बस, पुढचं आठवत नाही."

सलूनवाला बाकावर बसला. इतके दिवस तो पोराच्या बाजूने देवाला, डॉक्टरांना, कोचला, तो ठोसा मारणाऱ्या पोरालासुद्धा मनातल्या मनात शिव्या घालत होता. त्याला रडू आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"मी येतच नाही आता," तो म्हणाला. "घरी बसतो."

"मग मी रिकामी खुर्ची बघत बसेन."

"मग करू तरी काय मी?"

बारक्या उठला. त्याने खुर्ची फिरवून बापासमोर धरली आणि ब्रश उचलला. "बसा."

बाप फार वाईट विद्यार्थी निघाला. त्या आठवड्यात त्याच्या नाकाने जेवढा साबण खाल्ला, तेवढा गिऱ्हाइकांनीही खाल्ला नसेल.

स्पर्धेच्या दिवशी तो त्याच खुर्चीवर बसला. समोरचा पोरगा लांब हातांचा, ताजातवाना. बेल वाजली. सवयीने पापण्या खाली आल्या, आणि सलूनवाल्याला नाकाच्या शेंड्यावर गार फेस लागल्यासारखं झालं. त्याने खुर्चीचे हात धरले आणि डोळे उघडे ठेवले.

धप्प, धप्प आवाज यायला लागले. हे आवाज त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. अंधारात बसून त्यातला प्रत्येक आवाज त्याने पोराच्या तोंडावर मोजला होता. आता त्याने पाहिलं, की बहुतेक ठोसे बारक्याच्या ग्लोव्ह्जवर पडत होते, काही दंडावर, काही नुसत्या हवेत. पोर मार खात नव्हतं, मार अडवत होतं. मग इतकी वर्षं आपण कोणाला मार खाताना बघत होतो, असं त्याच्या मनात आलं.

दुसऱ्या राउंडमध्ये मात्र एक खरोखरच बसला. कानाच्या जरा पुढे. बारक्या एका गुडघ्यावर खाली गेला आणि हॉल गप्प झाला. अगदी तसाच गप्प. शेजारच्याने सलूनवाल्याचा दंड धरला. रेफरी बोटं दाखवून मोजायला लागला. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते उघडे होते. त्याला दिसलं, की बारक्या जमिनीकडे बघतोय. श्वास घेतोय. ओठ हलतायत, म्हणजे तोही मोजतोय. घाई नाही, घाबरणं नाही. मग त्याने ग्लोव्ह गुडघ्यावर टेकवला, आठ आकड्याला उभा राहिला आणि रेफरीच्या डोळ्यांत बघून मान हलवली. पडलेला पोरगा बापाने पाहिला होता. उठताना त्याने त्याला आज पहिल्यांदा पाहिलं.

बारक्या हरला. गुणांवर, थोडक्यात, पण हरलाच. बाप कपडे बदलायच्या खोलीत गेला तेव्हा कोच बारक्याच्या हाताच्या पट्ट्या सोडत होता. "सोमवारी वेळेवर ये," एवढंच तो बारक्याला म्हणाला आणि पट्ट्या गुंडाळून बाहेर गेला.

बारक्याचा गाल सुजला होता.

"बाबा," त्याने विचारलं, "शेवटच्या राउंडमध्ये एक वाकून चुकवला मी. तो पाहिलात?"

सलूनवाल्याने हातातली पिशवी खाली ठेवली. शर्टाच्या बाह्या वर केल्या, दोन्ही मुठी हनुवटीशी धरल्या, आणि त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत आपल्या दुखऱ्या गुडघ्यांसकट वाकून दाखवलं.

"असा. डावीकडे."

"उजवीकडे, बाबा."

"डावीकडे," बाप तसाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाला. "माझ्या खुर्चीवरून डावीकडेच होतं ते."