सूनबाई बांधली

रोज सकाळी सहाच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या बिनतारी रेडिओवर सासऱ्यांचा बोटीवरून आवाज यायचा. "सूनबाई बांधली. निघालो."

मग दुसऱ्या बोटींवरून हसण्याची खरखर. कुणीतरी विचारायचं, "घट्ट ना रे, अब्सालोन?"

"हलू दे तर खरी!"

मालान तान्ह्या लिवला पाजत ऐकून घ्यायची. राजधानी तोर्शहावनहून आलेली, जहाजबांधणी शिकलेली सून आता दुपट्यांत अडकलीय, यावर गाव हसणारच. वाईट वाटायचं, पण रेडिओ तिने एकदाही बंद केला नाही. नवरा, रेगिन, त्याच बोटीवर होता. सासऱ्यांचा आवाज आला म्हणजे बोट पाण्यावर आहे, एवढं तरी कळायचं.

आणि त्याच बोटीच्या नाकाखाली तिने बनवलेले पंख होते. देवमाशाच्या शेपटीसारखे दोन आडवे पंख, स्प्रिंगांवर बसवलेले. लाटेने बोटीचं नाक वर-खाली झालं की पंख फडफडायचे आणि बोटीला पुढे ढकलायचे. लाट आदळून जी ताकद खाते, तिच्यातली थोडी परत काढून घ्यायची, एवढाच हिशोब. डिझेल कमी लागेल, नाकही कमी आपटेल. बंदरात पंख हलू नयेत म्हणून डेकवरून दोन जाड पिना घालायच्या आणि निघताना काढायच्या. हिवाळाभराचे आकडे चांगले आले, तर बेटाच्या फेरीबोटीला असेच पंख लागणार होते, आणि समुद्रापलीकडच्या बर्गन शहरातल्या कंपनीत मालानला कायमची जागा मिळणार होती.

आकडे वाईट आले. ऑक्टोबरात वाईट, नोव्हेंबरात त्याहून वाईट. पंख नव्हते तेव्हापेक्षा डिझेल जास्तच जळत होतं. पंख किती हलतात हे मोजणारी तार बसवायला सासऱ्यांनी साफ नकार दिला होता. "माझ्या बोटीला भोक पाडायचं नाही." मग ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःच्याच गणितातली चूक शोधत बसायची. एका हातात बाळ, एका हातात पेन्सिल. तिने दोनदा नव्या स्प्रिंगा मागवल्या. रेगिनने दोन्ही वेळा मुकाट्याने त्या बसवल्या आणि जुन्या पुसून, कागदात गुंडाळून घरी आणल्या.

जानेवारीत तिचं दूध आटलं. अब्सालोन वाळवलेल्या मटणाचा काप तोंडात टाकत म्हणाले, "बेरजा पाजल्यास तर पोर कशी वाढेल?"

फेब्रुवारीत शाळेच्या हॉलमध्ये फेरीबोटीची बैठक झाली. मालान उभी राहिली आणि खरं ते बोलली. "माझं गणित चुकलं. या पंखांचा काही उपयोग नाही. बसवू नका." अब्सालोन पहिल्या रांगेतून उठले आणि सगळ्यांदेखत त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "असं कबूल करायला छाती लागते, पोरांनो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीने त्याच आठवड्यात पंखांचं काम बंद केलं.

चार दिवसांनी शेजारची म्हातारी ओद्दवोर अर्धवट विणलेले लोकरीचे मोजे घेऊन आली आणि विणत बसली. रेडिओ चालूच होता. "सूनबाई बांधली," आवाज आला आणि ओद्दवोरने 'च्च' केलं.

"अजून? आता काय गरज आहे मेल्याला?"

"मला चिडवायची खोडच आहे त्यांना," मालान म्हणाली.

"तुला?" म्हातारीच्या सुया थांबल्या. "अगं पोरी, समुद्रावर खरी नावं घेत नाहीत. सुरीला सुरी म्हणायचं नाही, पाद्र्याला पाद्री म्हणायचं नाही. बोटीवर नवीन काही आलं की त्याचंही वेगळं नाव पडतं. सूनबाई म्हणजे तुझे ते पंख! तुला ठाऊक नव्हतं?"

मालानने लिवला खाली ठेवलं.

हिवाळाभर पिना काढल्याच नव्हत्या. आणि ते रोज सकाळी सगळ्या बेटाला ऐकवलं होतं, तिलासुद्धा.

दुपारी रेगिन आला. तिने विचारलं तेव्हा तो बूट काढत होता, आणि काढतच राहिला. "मला वाटलं, तू कधीतरी ओळखशील."

"बांधलेल्या पंखांना स्प्रिंगा बसवत होतास?"

"तू सांगितल्यास म्हणून."

अब्सालोन लपवालपवीच्या भानगडीत पडलेच नाहीत. "पंख चालले असते तर तू बर्गनला गेली असतीस. हा तुझ्यामागे, पोर याच्यामागे. मी काय खडकाशी गप्पा मारू?"

"एकदा मला घेऊन चला," ती म्हणाली. "पिना काढून. एकदाच."

"चल की. माझं काय जातंय?"

लिवला ओद्दवोरकडे ठेवून दुसऱ्या दिवशी तिघं निघाली. टोकाच्या पलीकडे लाटा मोठ्या होत्या. मालानने स्वतःच्या हाताने पिना उपसल्या आणि इंजिन बंद करायला लावलं. बोट जराशी घुटमळली. मग खालून धपाधप आवाज येऊ लागला, आणि नाक पश्चिमेला वळवून बोट चालू लागली. इंजिन नाही, शीड नाही. वेग दोन नॉट. मग सव्वादोन. पाणी दुभंगून दोन्ही बाजूंना फेस जात होता. मालानला हसू आलं आणि रडूही. तिने रेगिनचा दंड धरला.

अब्सालोन चाकापाशी उभे राहून फेसाकडे बघत होते. मग म्हणाले, "प्रवाह आहे. प्रवाहानं चाललीय."

"प्रवाह या वेळी पूर्वेकडे असतो, बाबा," मालान म्हणाली. " आपण त्याच्याविरुद्ध चाललोय."

"पश्चिमेकडे आहे."

समुद्राचा प्रवाह कधी कुणीकडे वाहतो हे या बेटावर मुलं बाराखडीच्या आधी शिकतात. मालान नवऱ्याकडे वळली. "रेगिन, तू सांग. प्रवाह कुणीकडे आहे?"

त्याने पाण्याकडे पाहिलं. मग बापाकडे. तिच्या हातातून दंड सोडवून घेतला.

"पश्चिमेकडेच असेल," तो म्हणाला, आणि कुणी न सांगताच पिना उचलून पुढे गेला.