घोडबंदरची ओहोटी

मला घड्याळ समजून वेळ विचारायला येऊ नका. तोंडावळा घड्याळाचा असला, तरी मी वेळ सांगत नाही, हवा सांगतो. पुस्तकातलं माझं नाव वायुभारमापक. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात मात्र मला हवेचं घड्याळ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला तेच आवडतं.

माझी करणी साधी आहे. पितळी डबीच्या आत पातळ पत्र्याची आणखी एक डबी, तिच्यातली हवा काढून घेतलेली. ते माझं पोट. बाहेरच्या हवेचा भार वाढला की ते दबतं, भार उतरला की फुगतं, आणि पोट हललं की तबकडीवरचा काटा हलतो. डोंगर चढून गेलं की भार बेताने उतरतो. वादळ यायचं असलं की धाडकन उतरतो.

जन्म माझा विलायतेतला. एका इंजिनियर साहेबाने घाटात रेल्वे घालताना उंची मोजायला मला इथे आणलं. गाडी घाट चढली, साहेब मायदेशी गेला, आणि मी कल्याणच्या एका गोदामात गंजक्या खिळ्यांच्या पेटीत जाऊन पडलो. गरज सरो, वैद्य मरो. ही तुमची रीत मला तेव्हापासून पाठ आहे.

तिथून मला उचललं हरिहरने. नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला ठाण्याचा पोरगा, मुंबईच्या एका कचेरीत हवामानाच्या कामावर उमेदवार. त्याने एक वेड घेतलं होतं. ढगांकडे सगळे बघतात, पण खाडीच्या काठापासून डोंगरमाथ्यापर्यंत जी हवा आपण श्वासात घेतो, ती कुठे कशी बदलते हे कुणी मोजलेलं नाही. ते आपण मोजायचं. मला आणि एका तापमापकाला पिशवीत घालून तो चेंदणीच्या धक्क्यावर नोंद घ्यायचा, मग येऊरचा डोंगर चढून माथ्यावर घ्यायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, हा आज हवा मोजतोय, उद्या सावली तोलेल. हरिहर हसून सोडून द्यायचा. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड व्हायचा.

चेष्टा न करणारा एकच माणूस होता. धाकू नाखवा. चेंदणीचा कोळी, स्वतःच्या होडीचा मालक. कधी कळव्याच्या काठावर नोंद घ्यायची असली, तर तो हरिहरला पलीकडे सोडायचा. श्रावणात एकदा माझा काटा घसरला, हरिहरने त्याला होडी काढू दिली नाही, आणि दुपारी असा वारा सुटला की धक्क्यावरची झापं उडून गेली. त्या दिवसापासून दूर जायचं असलं की धाकू आधी हरिहरच्या ओटीवर येऊन मला विचारून जायचा.

मग आला दसरा. ज्याच्यावर घर चालतं त्याची त्या दिवशी पूजा करायची, हा आपल्याकडचा रिवाज. वकिलाची दौत, सुताराचा रंधा, तसा हरिहरच्या घरी मी. पूजेआधी हरिहरने माझी काच काढली, तबकडी पुसली आणि मला पाटावर ठेवलं. त्याच्या आईने, कमळाबाईंनी, ओलं कुंकू बोटावर घेतलं. तोंड आहे तर कपाळही असणार, असं त्या माउलीला वाटलं असावं. तिने टिळा लावला तो नेमका मधोमध, काटा जिथे खिळीवर फिरतो तिथे. हरिहर कौतुकाने बघत होता. नंतर त्याने वरवर पुसून काच बसवली आणि मी पूज्य झालो.

ओलं कुंकू पितळेला बसलं की हळूहळू कीट धरतो. काही दिवस काटा जड चालला. पण हरिहरला हिवतापाने आडवं केलं होतं. तो अंथरुणातून मान वळवून माझ्याकडे बघायचा, आणि पावसाळा सरल्यावर हवा स्थिरच असते, म्हणून पुन्हा डोळे मिटायचा. दिवाळीपर्यंत काटा पुरता जखडला.

भाऊबीज झाली. धाकूची लेक रतन तान्ह्या मुलाला घेऊन माहेरी आली होती. तिला न्यायला उत्तनहून तिचा दीर पोपट स्वतःची होडी घेऊन आला. बेत असा की दोन्ही होड्यांनी सकाळच्या पाण्याबरोबर घोडबंदर गाठायचं, तिथे ओहोटीची वाट बघायची, आणि ओहोटी लागली की वसईच्या खाडीतून समुद्रात उतरून उत्तनला जायचं. रतन आणि तिचं बाळ धाकूच्या होडीत बसणार होती.

निघण्याआधी धाकू ओटीवर आला. हरिहरचा ताप त्याच दिवशी उतरला होता. त्याने माझ्या काचेवर टिचकी मारली. काटा जागचा हलला नाही.

त्या वेळी माझ्या पोटात काय चाललं होतं ते कसं सांगू? समुद्रावर कुठेतरी हवेचा भार ढासळत होता आणि माझं पोट टरटरून फुगलं होतं. मी काट्याला आतून ढकलत होतो. तो कुंकवाने धरून ठेवला होता. तोंड आहे पण वाचा नाही, अशी गत माझी.

"हवा छान आहे, नाखवा. बिनघोर जा," हरिहर म्हणाला.

धाकूने मला हात जोडले आणि तो गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अंगात जरा बळ आलं म्हणून हरिहरने त्याच सकाळी येऊरचा डोंगर धरला. बुडालेल्या नोंदी भरून काढायच्या होत्या. मी पिशवीत गुदमरत होतो आणि एकच गोष्ट मागत होतो, माथा लवकर येऊ दे. तो धापा टाकत, बसत-उठत वर पोहोचला आणि त्याने मला बाहेर काढलं. काटा घरी होता तिथेच होता.

एवढा डोंगर चढूनही काटा उतरला नाही, हे कसं? त्याने मला हलवलं, उलटं केलं. मग काच काढून मला डोळ्यांशी धरलं आणि खिळीपाशी हिरवट-तांबडा कीट पाहिला. उपरण्याची टाचणी काढून त्याने तो खरवडला. कीट सुटला. काटा जो घसरला तो डोंगराच्या उंचीचा हिशेब ओलांडून खाली गेला, आणि जाऊन थांबला ते श्रावणातल्या त्या दिवसाच्याही खाली.

आभाळ अजून स्वच्छ होतं. पश्चिमेकडे चार पांढरे फराटे, बस्स. हरिहर उतारावरून पडत-धडपडत खाली आला. घोडबंदरच्या रस्त्याला एक टांगा मिळाला. अंगात पुन्हा हुडहुडी भरली होती, त्याने मला छातीशी धरलं होतं, आणि टांगेवाल्याला तो सारखं एकच विचारत होता, ओहोटी लागली असेल का.

ओहोटी नुकतीच लागली होती. होड्यांची शिडं चढत होती. हरिहर चिखलात गुडघाभर उतरला आणि धाकूच्या होडीची कड धरून म्हणाला, निघू नका, वादळ येतंय.

धाकू त्याच्याकडे बघत राहिला. "सकाली तुमीच बोलले ना, जा म्हनून? आता मी कुठला शब्द खरा मानू?"

"आताचा. सकाळी काटा अडकला होता. मी तो न तपासता बोललो. चूक माझी आहे."

धाकूने वर आभाळ पाहिलं, मग मला. मग मला बाजूला सारून त्याने हरिहरच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमची भैन या होडीत असती तं?"

"हात धरून उतरवली असती."

धाकूने नातवाला उचलून हरिहरच्या हातात दिलं आणि रतनला खाली उतरवलं.

पोपटची होडी तोवर काठापासून सुटली होती. हरिहरने हाक मारली. पोपट हसला, म्हणाला, तुमच्या घड्याळाला सकाळी एक वाटतं नि दुपारी एक, माझी बायको उत्तनला वाट बघतेय. हरिहर तोंड उघडून पुन्हा काही बोलणार होता. बाळ त्याच्या खांद्यावर रडत होतं, काठावरची माणसं त्याच्याकडे बघत होती. त्याने तोंड मिटलं. पोपटचं शीड वळणाआड गेलं.

दिवेलागणीला वारा फिरला. पुढचं मी सांगत नाही. त्या वादळात झाडं किती पडली, कौलं किती उडाली, ते ठाणेकरांना माहीत आहे. पोपट परत आला नाही.

हरिहरने कचेरीत कळवलं की दसऱ्यापासूनच्या त्याच्या नोंदी विश्वास ठेवण्यासारख्या नाहीत. त्याला कायम केलं नाही. आईला त्याने कारण सांगितलं नाही, आणि मीही कुठे सांगणार? आता तो शाळेत शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी मला घेऊन डोंगर चढतो.

काही महिन्यांनी पोपटची बायको बायजा चेंदणीला आली. धाकूला म्हणाली, तो हवावाला मानूस मला दाखव. ओटीवर आली, बसली नाही. हरिहर उभाच होता, शिक्षा ऐकायला उभं राहावं तसा. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तुमी त्याला हाक मारली, असं धाकूआबा सांगतंय," ती म्हणाली.

"मारली."

"त्यानं ऐकलं नाय. मंग परत मारली?"

हरिहरला खोटं बोलता आलं असतं. ती विश्वास ठेवायलाच आली होती.

"नाही," तो म्हणाला. "एकदाच मारली."

बायजाने मान हलवली, पदर डोक्यावरून ओढून घेतला आणि ती गेली.

आज मी चेंदणीच्या धक्क्यावर एका खांबाला टांगलेला आहे. हरिहरनेच मला तिथे लावलं, आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरावर न्यायला तोच उतरवतो. होड्या काढण्याआधी माणसं येऊन माझ्याकडे बघतात. बघा, पण माझ्यावर आंधळा भरवसा ठेवू नका. टिचकी मारा, शंका घ्या, अधूनमधून मला डोंगरावर नेऊन पारखा. आणि काटा खरोखर उतरलेला दिसला, तर जाणाऱ्याला एकदा सांगून गप्प बसू नका. तो हसेल. हसू दे. पुन्हा हाक मारा.