कडूबाईचा सीन

जळकोटच्या माळावरच्या बंद दगडखाणीत गेल्या उन्हाळ्यात हिंदी सिनेमाचं शूटिंग आलं. सूडाची गोष्ट होती. खाणमालक एका म्हातारीच्या थोरल्या पोराला मारतो, मग धाकटा मुंबईहून येतो आणि मालकाच्या चाळीस माणसांना एकटा लोळवतो. म्हातारीचं काम करणारी नटी उन्हानं आजारी पडली, तेव्हा दिग्दर्शकानं बघ्यांच्या गर्दीतनं कडूबाईला निवडलं. साठीची बाई, उन्हानं रापलेला चेहरा. त्याला हवा तसाच.

सव्वीस वर्षांपूर्वी ह्याच खाणीत सुरुंगानं तिचा नवरा, उत्तरेश्वर, गेला होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा मालकाची माणसं कागद घेऊन घरी आली होती. उत्तरेश्वर दारू प्यायला होता, असं त्यात लिहिलेलं. कडूबाईनं अंगठा दिला नाही, उलट खाणीवर जाऊन मालकालाच जाब विचारला. नऊ वर्षं ती एसटीनं धाराशिवच्या कोर्टात जात राहिली. अखेर निकाल लागला. उत्तरेश्वर शुद्धीत होता, चूक मालकाची होती. त्यानंतरच खाण बंद झाली.

"अम्मा, विलन के पैर पकडो," दिग्दर्शक म्हणाला. "रोते हुए बेटे की लाश माँगो."

सुनेनं, हर्षालीनं, समजावून सांगितलं. कडूबाईनं मान हलवली. "पाया पडायचं न्हाय जमणार."

"अम्मा, ये पिक्चर है! सच थोडे ही है!"

"ठाव हाय मला. पर ह्या खाणीत म्या कुणाच्या पाया पडत नसते."

"तो क्या करोगी?"

"त्या वक्ताला जे केलतं, त्येच करते."

ऊन उतरत चाललं होतं. दिग्दर्शक वैतागून म्हणाला, "करो."

खुर्चीत विलन बसला होता, धिप्पाड, पायात चकचकीत बूट. कडूबाई त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "माझं माणूस कुठंय? उठ. दाव मला."

विलननं इथं हसायचं होतं. तो हसला नाही. खुर्चीतनं उठला. कट झाल्यावर त्यानं आधी पाणी मागितलं.

दिवाळीनंतर सिनेमा सोलापूरला लागला. शेजारच्या बंडप्पाच्या जीपमधनं कडूबाई, हर्षाली आणि गल्लीतल्या चार बाया दुपारच्या खेळाला गेल्या.

पडदाभर कडूबाईचा चेहरा आला आणि बायांनी टाळ्या वाजवल्या. पण लगेच पाठमोरी एक बाई दिसली. अंगावर तसलंच हिरवं लुगडं. तिनं धाडकन विलनच्या बुटांवर डोकं ठेवलं आणि हिंदीत टाहो फोडला. विलन खदाखदा हसला.

कडूबाई ताडकन उभी राहिली. "ती म्या न्हाय!"

हर्षालीनं पदर ओढला. "आत्या, बसा. लोक बघायलेत."

"बघू दे की."

मागनं कुणीतरी ओरडलं, "ओ मावशी, खाली बसा!"

"बसते. आदी ऐका. त्वांड माझं हाय, पाठ माझी न्हाय. म्या पाया पडले न्हाय. तवा न्हाय, आन् आता बी न्हाय!"

काहीजण हसले. पुढच्या रांगेतली एक कॉलेजची पोरगी मात्र वळून म्हणाली, "मग ती कोण होती?"

"कुणास ठावं, बाई. तिला कुणी इचारलं बी नसंल."

इंटरव्हलला ती पोरगी मैत्रिणींना घेऊन पायऱ्यांवर आली. "आजी, 'तवा न्हाय' म्हणजे कधी?" कडूबाईनं सांगायला सुरुवात केली. सुरुंगाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. चहा प्यायला आलेली माणसं थबकली. बंडप्पानं चहा आणून दिला, तो तिच्या हातात गार झाला. घंटा वाजली. आत हिरोची हाणामारी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी दहा-बारा जण तिथंच उभे.

"आत्या, पिक्चर सुरू झाला," हर्षाली म्हणाली.

"होऊ दे," कडूबाई म्हणाली. "कोर्टाचं आजून सांगायचं ऱ्हायलंय."