बाबांच्या हातातला जिताडा

बाबा मोकळे हसतायत असा फोटो एकच आहे, आणि त्यात त्यांच्या दोन्ही हातांवर जवळजवळ मीटरभर लांबीचा जिताडा आहे. मत्स्य खात्यात असताना रेवदंड्याच्या खाडीत त्यांच्या गळाला लागलेला. बाबा गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाच्या, बॅनरवर मला तोच फोटो हवा होता.

अमरावतीच्या बॅनरच्या दुकानात माझ्यासोबत बाबांचे थोरले भाऊ आले होते, बुधाजी मोठेबाबा.

"सीमे, उद्या आपण सारे पहिलं शील म्हणू, जीव मारणार नाही म्हणून. अन् मांगं पुंजाच्या हातात मेलेली मासोयी? लोक काय म्हणतीन?"

त्यांच्या सांगण्यावरून दुकानदार अंकुरनं स्क्रीनवरचा मासा पुसला. बाबा आता हात लांब पसरून नुसतेच हसत होते.

मोठेबाबा पाहत राहिले. "हा तं थापा मारून राहिला, लेका."

"हातात ग्रंथ देऊ?" अंकुर म्हणाला.

"एवढा लंबा?"

मी म्हटलं, "मोठेबाबा, मासा जिवंत होता. फोटो काढला आणि बाबांनी लगेच सोडून दिला."

"एवढी मोठी सोडली? काहून?"

"मोठी होती म्हणूनच. जिताडा आधी नर असतो. पाच-सहा वर्षांचा झाला, अंगानं वाढला, की मादी होतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात लाखो अंडी घालतो. पिल्लं भरतीबरोबर आत शिरतात, पार भातखाचरांपर्यंत. मोठी मारली की ते सगळं गेलं."

"थांब. आधी बाप्या, मंग बाई?"

"हो."

मोठेबाबा स्टुलावर बसले. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

"पुंजानं मले सांगतलं होतं हे. मी चार लोकांत हासलो त्याले. म्हटलं, समुद्र पाहून आला तं काहीबी फेकून राहिला." मग अंकुरकडे वळून, "काय पाहून राहिला बे? टाक ते बाई वापस. अन् खाली लिही, जित्ती सोडली."

दुसऱ्या दिवशी पंचशील झाल्यावर मोठेबाबा स्वतः माइककडे गेले. बॅनरकडे बोट दाखवून त्यांनी भावाच्या विद्वत्तेबद्दल बरंच सांगितलं, आणि जिताड्याला आधी मादी करून मग नर केलं.

बाबांनी हे चालवून घेतलं नसतं. मी पहिल्या रांगेतून हात वर केला.