जाड मेणबत्ती, बारीक वात

मेणबत्तीवालीचा संताप अख्ख्या गल्लीला ठाऊक. घरात तिला हवालदार म्हणायचे, अर्थात माघारी. समोर म्हणायची कुणाची छाती होती? पण त्या सकाळी प्रार्थनाघरात ती भडकली होती ती स्वतःवर.

लेकीच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. ते चालेल तोवर जळत राहावी म्हणून हिने आपल्या हातांनी मांडीएवढी जाड मेणबत्ती ओतली. मेण लवकर संपू नये म्हणून आत वात घातली बारीक. जन्मभर गिऱ्हाइकांना दटावत आली, की जाड मेणबत्तीला जाड वात हवी, नाहीतर ज्योत आपल्याच मेणात बुडते. आणि पोटच्या पोरीच्या वेळीच हिची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे!

ज्योत आता वाटाण्याएवढी उरली होती. भोवती वितळलेल्या मेणाचं तळं. हिने पिशवीतून सुरी काढली आणि कडेला खाच पाडून मेण ओतून द्यायला हात पुढे केला.

"बाई, हात लावायचा नाही," तिथला म्हातारा राखणदार म्हणाला. "एकदा वाहिली की ती तुमची राहिली नाही. इथली रीतच आहे तशी."

"रीत गेली खड्ड्यात! विझली तर?"

"विझली तर विझली."

"तुमची पोर तिथे पडली असती म्हणजे कळलं असतं! काय बोलता, जिभेला हाड आहे का?"

म्हातारा जागचा हलला नाही. तेवढ्यात जावयाचा फोन आला. "आई, तिला थोड्या वेळात आत नेतायत. सारखी तुम्हालाच विचारतेय. कुठे आहात तुम्ही?"

"आलेच हो, एवढी ज्योत धरली की निघते," ती म्हणाली, आणि स्वतःचंच बोलणं कानावर पडून तिला शिसारी आली. लेक तिकडे आईची वाट बघतेय आणि आई इकडे मेण उपसत बसलीय! तिने सुरी पिशवीत कोंबली. समोर बघून थेट देवालाच दात-ओठ खाऊन म्हणाली, "तुला दिलीय ना? मग सांभाळ तू. माझ्या पोरीला काही झालं तर गाठ माझ्याशी आहे."

आणि तरातरा निघाली. दारात मान वळवायचा मोह झाला, तशी तिने स्वतःलाच एक शिवी हासडली.

दवाखान्यात पोचली तेव्हा लेकीची ढकलगाडी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी आलेली. लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मेणबत्ती नीट जळतेय ना गं?"

"काय माहीत," ती धापा टाकत म्हणाली. "सोडून आले."

लेक बघतच राहिली. "तू? सोडून आलीस? मग माझं काही खरं नाही बाई."

"थोबाड फोडीन!" म्हणत तिने लेकीचा हात घट्ट धरला आणि ढसाढसा रडायला लागली. जावई खांद्यावर हात ठेवायला आला, तर त्यालाही झिडकारलं.

"आई, हात सोडा आता," नर्स म्हणाली. "आत न्यायचंय."

"सोडते की! ओरडता कशाला?" ती खेकसली.

आणि तिने हात सोडला.