बुधाजीची उन्हाची चूल

"विस्तव कोणाचा हा?" मोटारीतून उतरलेल्या टोपीवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं.

बुधाजीनं चकचकीत थाळी दोन बोटांनी थोडी सरकवली. थाळी बैलगाडीच्या चाकाएवढी. तिच्यातलं सगळं ऊन मधल्या काळ्या पातेल्याच्या बुडाला जाऊन लागलं होतं आणि पातेल्यात चहा खदखदत होता.

"सूर्याचा जी," तो म्हणाला. "माह्या घरचा नाई."

म्हातारा पेचात पडला. चुलीचा विटाळ त्याला पाठ होता. पण सूर्याला विटाळ होतो, असं काही त्याच्या वाचनात आलं नव्हतं. मागून कंडक्टर घाई करत होता. शेवटी त्यानं चहा घेतला, तोही कपाला ओठ न लावता, वरून तोंडात ओतून. जीभ पोळली, पण धर्म राहिला. मोटार निघून गेल्यावर बुधाजी एकटाच बराच वेळ हसत होता.

चांदूर बाजारच्या रस्त्यावर गावाच्या फाट्याला बुधाजीचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बांबू, वर तरट, एक बाकडं आणि समोर उन्हात ही चूल. चहा आणि उकडलेले चणे, एवढाच माल. ढग आले की दुकान बंद. पण वऱ्हाडात ढगांचे दिवस ते किती! बाकी वर्षभर ऊन फुकट आणि भरपूर. त्याच्यासाठी कोणाच्या दारात उभं राहावं लागत नव्हतं. बुधाजीला चहाच्या धंद्याहून त्याचंच अप्रूप जास्त होतं.

त्याला कारणही तसंच होतं. छप्पन सालच्या दसऱ्याला नागपुरात दीक्षा घेऊन बुधाजी परत आला आणि गावाबाहेरच्या त्याच्या वस्तीतल्या अकराही घरांनी गावची मेलेली जनावरं ओढणं सोडून दिलं. त्याच हिवाळ्यात खुशालरावांचा बैल मेला. खुशालरावांची काळी जमीन वस्तीच्या चारही बाजूंनी होती. बैल दोन दिवस गोठ्यात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी खुशालराव स्वतः वस्तीच्या तोंडाशी आले आणि आवाज न चढवता एकच वाक्य बोलून गेले, "ढोर वढाचं नाई, तं माह्या पराट्याले हात लावाचा नाई."

कापूस वेचून संपला की शेतात पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या उरतात. वऱ्हाडातल्या गरिबाची चूल त्यांच्यावर वर्षभर जळते. त्याच बंद झाल्या. बाया दोन कोस चालून नाल्यावरून बाभळीचे काटे तोडून आणू लागल्या. बुधाजीची बायको सुंदराबाई संध्याकाळी दिव्यापाशी बसून तळहातातले काटे काढायची. बुधाजी ते बघायचा आणि त्याला आपल्या दीक्षेची नव्हे, आपल्या रिकाम्या हातांची लाज वाटायची.

पुढल्या वर्षी अमरावतीला सरकारी प्रदर्शन भरलं. बुधाजी तिथं रोजानं राखणीला होता. एका मांडवात या उन्हाच्या चुली मांडल्या होत्या. लोक यायचे, बोट दाखवायचे, हसायचे आणि पुढच्या मांडवात बियाणं बघायला जायचे. एकही विकली गेली नाही. बुधाजी मात्र महिनाभर त्या चुलीसमोर उभा राहून तिचा स्वभाव शिकला. थाळी दर पाव तासाला फिरवायची. सूर्य चालतो तसं आपणही चालायचं. जाताना तिथल्या साहेबांनी पाय वाकलेली एक चूल त्याला देऊन टाकली आणि बजावलं, "नुसतं पाणी आणि मऊ फडकं. दुसरं काही लावायचं नाही, नाहीतर चमक जाईल आणि ती परत येणार नाही."

बुधाजीनं ते शब्द जपले, पण स्वतःपाशीच ठेवले. चुलीला तो कोणाला हात लावू देत नसे. सुंदराबाई म्हणायची की ह्या माणसानं माझी सवत आणून फाट्यावर बसवली आहे. तो हसायचा. हात का लावायचा नाही, हे तिला त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं त्याला? पण पुरुषमाणसाला एखादी गोष्ट आपल्या एकट्याची असावीशी वाटते, आणि बुधाजीच्या आयुष्यात अशी दुसरी गोष्ट नव्हती.

एकोणसाठ सालच्या चैत्रात ब्लॉकच्या, म्हणजे सरकारी विकास गटाच्या, साहेबांनी मोटारीतून जाताना ती चूल पाहिली. साहेब पुण्याकडचे होते, पण मनाचे चांगले. चहा प्याले आणि तो चक्क कपाला ओठ लावून. सगळी हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले की वस्तीतल्या अकरा घरांसाठी अकरा चुली सरकारकडून आणता येतील. मात्र आपण एकदा डोळ्यांदेखत सगळा स्वयंपाक शिजलेला पाहू आणि मगच कागदावर सही करू. येत्या बुधवारी वस्तीतच येतो, असं सांगून ते गेले.

वस्तीत दिवाळी झाली. चतुराबाई नावाची म्हातारी शेजारीण तर पराट्या मागायची वेळ आता मेल्यावरच येणार म्हणून हसत सुटली. बुधाजीनं मंगळवारी चूल फाट्यावरून वस्तीत आणली, घरासमोर मांडली आणि साहेबांसाठी चांगले तांदूळ आणायला चांदूर बाजारला गेला. परतीची मोटार चुकली, म्हणून मुक्काम तिथंच पडला.

बुधवारी सकाळी तो आला तेव्हा सुंदराबाई दारातच उभी होती. नवं लुगडं नेसलेली, हात कोपरापर्यंत राखेनं पांढरे.

"पाहा जी," ती म्हणाली. "कशी लख्ख करून ठेवली माही सवत."

तिनं विटेचा चुरा, राख आणि नारळाची शेंडी घेऊन पहाटेपासून ती थाळी घासली होती. घरात मोठा माणूस येणार म्हटल्यावर वऱ्हाडातली कुठलीही बाई भांडी घासते. तिच्या आईनं तिला तेच शिकवलं होतं. थाळी पांढरीशुभ्र निघाली होती. एकही डाग नव्हता. बुधाजीनं वाकून पाहिलं. रोज त्यात त्याचा चेहरा दिसायचा, मिशीचा केस न् केस दिसायचा. आता नुसतं पांढरं धुकं होतं.

त्यानं थाळीवरून बोट फिरवलं, धुकं गेलं नाही. सुंदराबाई त्याच्या तोंडाकडे बघत होती. तेवीस वर्षांच्या संसारात तिनं शाबासकी अशी कधी मागितली नव्हती.

"चांगली घासली," तो म्हणाला.

साहेब दहाला आले. वस्तीतली झाडून सगळी माणसं जमली. ऊन मी म्हणत होतं. बुधाजीनं पातेलं मांडलं, थाळी सूर्याकडे केली, पुन्हा केली, चुलीचे पाय खालीवर करून पाहिले. पाव तास गेला, अर्धा तास गेला. मुलांनी आधी आवाज केले आणि मग तेही थांबले. तासाभरानं साहेबांनी पाण्यात बोट घातलं. पाणी कोमट होतं.

"काय झालं, बुधाजी? त्या दिवशी तर उकळत होतं."

बुधाजीनं मान वर केली. एक वाक्य बोललं की झालं असतं. साहेब शहाणे होते. चूल वाईट नाही, घासल्यानं बिघडली, हे त्यांना तेव्हाच पटलं असतं आणि अकरा चुलींवर सही झाली असती. वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. पण साहेबांच्या मागे अकरा घरच्या बाया उभ्या होत्या आणि त्यांच्यात नव्या लुगड्यातली सुंदराबाई. आपलं काहीतरी चुकलं आहे हे तिला उमगलं होतं, कारण ती राखेचे हात पदराखाली लपवत होती. ते वाक्य बोललं असतं, तर ह्या वस्तीत ती मरेपर्यंत चूल घालवणारी बाई म्हणून राहिली असती.

"ऊन कमी पडून राह्यलं साहेब," बुधाजी म्हणाला.

साहेबांनी डोळ्यांवर हात धरून आभाळाकडे पाहिलं. आभाळात एक ढग नव्हता. त्यांनी रुमालानं मान पुसली, सही न करता कागदावर नुसत्या दोन ओळी लिहिल्या, बुधाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले. मग माणसंही पांगली. चतुराबाई जाताना एवढंच पुटपुटली की गरिबाच्या वेळी सूर्यही म्हातारा होतो.

रात्री सुंदराबाईनं विचारलं, "म्या घासली मनून झालं ना?"

"नाई वं. ऊनच नव्हतं."

"आज नव्हतं ऊन?"

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. दोघंही अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिले.

आठ दिवस बुधाजीनं थाळीवर तेल चोळून पाहिलं, चिंच लावून पाहिली. गेलेली चमक आली नाही. वखारीचं लाकूड घेऊन चहा विकणं परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यानं फाट्यावरचं तरट उतरवलं. आता अकोल्याला एखाद्या कापसाच्या जिनात हमालीला जावं, असं त्यानं मनाशी ठरवलं.

नवव्या दिवशी पहाटे उठला तर सुंदराबाई घरात नव्हती. नाल्यावर नव्हती, विहिरीवर नव्हती. तांबडं फुटताना ती त्याला खुशालरावांच्या शेताच्या धुऱ्यावरून येताना दिसली. डोक्यावर पऱ्हाट्यांचा भारा होता, एवढा मोठा की खाली तोंड दिसत नव्हतं. त्यानं तिला चालीवरून ओळखलं.

तो वाटेतच उभा राहिला. तीही थांबली.

"ढोर नाई वढाचं तुमाले," ती भाऱ्याखालून म्हणाली. "तसं बोलूनच घेतलं म्या. त्यायच्या गोठ्याचं शेण काढाचं रोज. ते मी काढतो."

खुशालरावांच्या शेतातली काडी पुन्हा अंगाला लावायची नाही, हे बुधाजीनं पऱ्हाट्या बंद झाल्या त्याच दिवशी स्वतःशी ठरवलं होतं.

"तुमी काहून नाई सांगतलं साहेबाले?" तिनं विचारलं. "अकरा घरं सुटले असते."

अकरा घरांचं पाप आपल्या माथी आहे, हे त्यालाही कळत होतं. पण ती वेळ पुन्हा आली असती, तर तो पुन्हा तेच बोलला असता.

त्यानं दोन्ही हातांनी भारा तिच्या डोक्यावरून उतरवला आणि जमिनीवर ठेवला. दोर सोडला. काड्यांचे दोन वाटे केले, मोठा आपल्यासाठी आणि लहान तिच्यासाठी. तिनं आपली चुंबळ काढून त्याच्या डोक्यावर ठेवली आणि स्वतःसाठी पदराचा पीळ केला. मग दोघं वस्तीकडे निघाले, तो पुढं आणि ती मागं.